रिकामी दिसणारी कुपी आणि जांघेतलं अवधान

पऱ्हाटीचा खुंट तळपायात घुसला की पहिल्या दिवशी पाय ठणकतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांघेत हात गेला की बोराएवढी गाठ लागते आणि पाऊल टाकताना तीच जास्त दुखते. आमच्या अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यात कापसाच्या रानात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. ‘अवधान आलं’ म्हणायचं आणि पाय जरा जपून टाकायचा. जखम भरली की गाठ आपोआप जिरते.

जखम तळपायात, मग गाठ जांघेत कशी? लहानपणी मी हे विचारलं तेव्हा उत्तर मिळालं होतं, ‘घाण वर चढते.’ ते अगदीच चुकीचं नव्हतं. जखमेतून आत शिरलेल्या जंतूंचे तुकडे खरोखरच लसिकावाहिन्यांमधून, म्हणजे अंगात पाझरलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून, वर येतात आणि जांघेतल्या लसिकाग्रंथींमध्ये पोचतात. पण गाठ फुगते ती मुख्यतः आपल्याच पेशींनी. रक्तातून जाता-येता तिथं आलेल्या पांढऱ्या पेशी अडवून ठेवल्या जातात, गर्दी वाढते, आणि त्या गर्दीतल्या काही मोजक्या पेशी दिवसाला दोन-दोन, तीन-तीन वेळा दुभंगत सुटतात. त्यांना ‘आता वाढा’ असं सांगणारं एक प्रथिन आहे. त्याचं नाव इंटरल्यूकिन-२, थोडक्यात आयएल-२. हेच प्रथिन आज प्रयोगशाळांना कुपीत भरून विकत मिळतं. ते काय आहे, कसं बनतं आणि त्याचं करतात काय, हे समजून घ्यायला शाळेतलं विज्ञान पुरतं. आपल्या शेतातल्या चार गोष्टी माहीत असतील तर आणखी सोपं जातं.

मी काही वर्षं पुण्यात एका प्रयोगशाळेत माणसाच्या रक्तातल्या पेशी वाढवायचं काम केलं. आता इकडेच, जळगाव जिल्ह्यात, कॉलेजात शिकवतो. मुदत संपलेली एक कुपी मुलांना दाखवायची म्हणून घरी आणली होती. करंगळीच्या दोन पेरांएवढी काच, वर रबरी बूच, आणि चिठ्ठीवर छापलेलं: रिकॉम्बिनंट ह्यूमन आयएल-२, ५० मायक्रोग्रॅम, फक्त संशोधनासाठी. ओट्यावर बसलेल्या जिभाऊंनी ती उजेडाकडे धरली, उलटी केली, कानाजवळ नेऊन हलवली.

“हाई ते रिकामी शे,” ते म्हणाले.

रिकामी नव्हती. ज्वारीच्या एका दाण्याचं वजन साधारण ३० मिलिग्रॅम भरतं. त्या दाण्याचे सहाशे भाग केले तर एक भाग होतो ५० मायक्रोग्रॅम. थंडीत गोठवून, मग पाणी उडवून वाळवलेलं प्रथिन कुपीच्या तळाला पुसटशा पांढुरक्या थरासारखं बसलेलं असतं. कधी तेवढंही दिसत नाही. नवीन कामाला लागलेली मुलं अशी कुपी घाईनं उघडतात आणि बुचाला चिकटलेला माल वाया जातो. म्हणून उघडायच्या आधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये घालून अर्धा मिनिट फिरवायची, म्हणजे जे काही आहे ते तळाला बसतं.

“पेशी वाढवायला लागतं हे,” मी सांगितलं.

जिभाऊंनी लगेच विचारलं, “मंग हाऊ पेशीस्ना युरिया शे का?”

या प्रश्नावर मी त्या संध्याकाळी बराच वेळ बोललो, कारण खरी मेख इथंच आहे. युरिया हे पिकाचं अन्न. पेशींचं अन्न वेगळं असतं. प्रयोगशाळेत ज्या पातळ द्रवात पेशी ठेवतात त्याला मीडियम म्हणतात. त्यात ग्लुकोज, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं सगळं घातलेलं असतं. तापमान ३७ अंश, हवा मोजून दिलेली. एवढी बडदास्त ठेवूनही आपल्या संरक्षणातल्या टी पेशी वाढत नाहीत. जागी केलेली टी पेशी तर भरल्या ताटासमोर मरून जाते, कारण तिला कुणी वाढ असं म्हटलेलं नसतं. आयएल-२ हा तो निरोप आहे. पोट भरण्याशी त्याचा संबंध नाही, म्हणून तो इतका थोडा पुरतो.

शरीरात निरोप दोन तऱ्हांनी फिरतात. इन्सुलिनसारखं हार्मोन रक्तात सोडलं जातं आणि सगळीकडे पोचतं. गावभर पिटलेली दवंडीच ती. आयएल-२ ज्या घराण्यातलं आहे त्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. ही बहुतेक वेळा जवळच्या जवळ बोलतात, या ओट्यावरून त्या ओट्यावर. आयएल-२ तर त्याहून जवळचं. जी टी पेशी ते बनवते ती स्वतःच ते ऐकते आणि शेजारणींनाही ऐकवते.

इथं रावेर-यावलकडच्या वाचकांसाठी एक खुलासा करायला हवा. केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये काम करणारी मुलं ‘सायटोकायनिन’ हा शब्द रोज वापरतात. एका कोंबापासून अनेक कोंब फुटावेत म्हणून मीडियममध्ये जे घालतात ते सायटोकायनिन. नाव जवळजवळ सारखं, दोन्हींचा संबंध पेशी वाढण्याशी, त्यामुळे माझ्या वर्गात दर वर्षी कुणीतरी दोन्ही एकच समजतं. सायटोकायनिन हा वनस्पतींमधला अगदी लहान रेणू आहे. सायटोकाइन हे प्राण्यांमधलं प्रथिन, त्याच्या कितीतरी पट मोठं. केळीच्या बाटलीत आयएल-२ टाकलं तर कोंबाला त्याचा पत्ताही लागणार नाही. निरोप ऐकायला कान लागतात, आणि केळीला हे कान नाहीत.

कानांबद्दल पुढे बोलूच. त्याआधी हे प्रथिन सापडलं कसं ते सांगतो, कारण त्यात राजमा आहे.

१९६० पर्यंत असं मानलं जात होतं की रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे वाढ संपलेल्या, निवृत्त पेशी. फिलाडेल्फियातल्या पीटर नॉवेल यांनी त्या वर्षी दाखवलं की राजम्यापासून काढलेलं एक द्रव्य टाकलं की या पेशी फुगतात आणि दुभंगू लागतात. त्या द्रव्याचं नाव फायटोहिमॅग्लुटिनिन. तांबड्या पेशींच्या गुठळ्या करून त्या बाजूला काढण्यासाठी ते तेव्हा वापरत असत. (कच्चा राहिलेला राजमा खाल्ला की पोट बिघडतं ते याच द्रव्यामुळे, नीट उकळला की ते निकामी होतं.) म्हणजे या पेशी निवृत्त नव्हत्या, झोपलेल्या होत्या. पण राजम्यानं जाग्या केलेल्या पेशी थोडे दिवस वाढून थांबत. १९७६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डोरिस मॉर्गन, फ्रान्सिस रुसेटी आणि रॉबर्ट गॅलो वेगळंच काहीतरी शोधत होते. रक्ताच्या कर्करोगातल्या पेशी बाहेर वाढवता येतील का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी त्यांनी राजम्यानं चेतवलेल्या लिम्फोसाइट ज्या द्रवात राहून गेल्या होत्या, तो उरलेला द्रव अस्थिमज्जेतल्या पेशींवर टाकला. हव्या होत्या त्या पेशी वाढल्या नाहीत. वाढल्या टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटमधलाच एक प्रकार, आणि त्या थांबेनातच. त्या द्रवातल्या अज्ञात घटकाला टी-सेल ग्रोथ फॅक्टर म्हणू लागले. १९७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका बैठकीत त्याला इंटरल्यूकिन हे नाव मिळालं. ल्यूको म्हणजे पांढरं. पांढऱ्या पेशींचं आपसांतलं बोलणं, असा अर्थ.

पण हे प्रथिन मिळवायचं कुठून? लोकांच्या रक्तातून पेशी वेगळ्या करायच्या, त्यांना चेतवायचं आणि उरलेला द्रव वापरायचा, हीच वाट होती. एक घाणा काढला की पुढचा तसाच निघेल याची खात्री नाही. त्या द्रवात इतर दहा सायटोकाइन मिसळलेले. रक्तातून विषाणू येण्याची धास्ती वेगळी. अशा गढूळ मालावर प्रयोग केला आणि पेशी वाढल्या, तर कशानं वाढल्या हे छातीठोक सांगायचं कसं? १९८३ मध्ये जपानच्या तादात्सुगु तानिगुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयएल-२ चं जनुक हाती आणलं आणि ही अडचण संपली. तो माणसातल्या चौथ्या गुणसूत्रावरचा मजकूर आहे. एकदा मजकूर मिळाला की छापखाना कुठलाही चालतो.

‘रिकॉम्बिनंट’ शब्दाचा अर्थ इतकाच: एका जिवाचं जनुक दुसऱ्याच्या आत बसवून बनवलेलं. खानदेशात ही गोष्ट नव्यानं समजावायची गरज नाही. २००२ पासून आपण बीटी कापूस लावतोय. त्यात मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कापसात बसवलेलं असतं आणि कापसाचं झाड जिवाणूचं प्रथिन बनवतं. आयएल-२ च्या बाबतीत उलट घडतं. माणसाचं जनुक जिवाणूत बसवतात. जिवाणू साधाच, ई. कोलाय, आपल्या आतड्यात राहणाऱ्याचा प्रयोगशाळेत सांभाळलेला वाण. जनुक वाचायची लिपी सगळ्या सजीवांमध्ये जवळपास एकच, म्हणून हे जमतं. १९८२ मध्ये असंच बनवलेलं मानवी इन्सुलिन औषध म्हणून आलं आणि आज ते आपल्या किती घरांच्या फ्रिजमध्ये आहे हे तुम्हीच मोजा.

पण जनुक जसंच्या तसं उचलून जिवाणूत टाकता येत नाही. माणसाचं जनुक म्हणजे वेचलेला कापूस, सरकीसकट. उपयोगी मजकुराच्या मध्येमध्ये काढून टाकायचे तुकडे असतात. आयएल-२ च्या जनुकात उपयोगी भाग ४ आहेत आणि त्यांच्या मध्ये असे ३ तुकडे. आपल्या पेशीत हे तुकडे काढायचं जिनिंग आतल्या आत होतं. जिवाणूकडे तो जिनच नाही. म्हणून शास्त्रज्ञ आपल्या पेशीतून जिनिंग होऊन निघालेली रुई घेतात, म्हणजे तुकडे काढलेली संदेशाची प्रत, आणि तिच्यावरून पुन्हा डीएनए लिहून जिवाणूला देतात.

मोठ्या टाकीत जिवाणू वाढतो आणि सांगितलेलं प्रथिन भराभर बनवतो, इतकं भराभर की त्याला ते नीट घडी घालून ठेवता येत नाही. सगळं गोळे करून पोटात साठवतो. हे गोळे पाण्यात विरघळत नाहीत. ते मोकळे करायला ग्वानिडिन वापरतात, नाहीतर, जिभाऊ इथं हसले, युरिया. शेतात पोत्यानं येतो तोच रेणू, फक्त अतिशय शुद्ध आणि एका लिटरला ४८० ग्रॅम इतका दाट. त्या द्रावणात प्रथिनाचा गुंता सुटून सरळ दोरा होतो. मग युरिया हळूहळू कमी करत नेतात आणि दोरा आपली आपण योग्य घडी घालतो.

ही घडी म्हणजेच प्रथिन. आयएल-२ हा १३३ अमिनो आम्लांचा दोरा आहे. त्यात ५८, १०५ आणि १२५ या जागांवर सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल बसलेलं आहे, आणि दोन सिस्टीन एकमेकांना गाठ मारू शकतात. खरी गाठ ५८ आणि १०५ ची. पण घडी पडताना १२५ व्या जागेवरचं सिस्टीन मध्येच हात घालतं आणि चुकीची गाठ बसते. मग तो रेणू दिसायला तोच, पण निरोप मुका. औषध म्हणून जे आयएल-२ बनवतात त्यात यावर फार साधा उपाय केला: १२५ व्या जागी सिस्टीनऐवजी सेरीन नावाचं दुसरं अमिनो आम्ल बसवलं. प्रथिनाचं काम बिघडलं नाही आणि चुकीच्या गाठीचा धोका टळला. एवढ्याशा बदलामागे किती लोकांनी किती रात्री काढल्या असतील असं मला ते वाचताना प्रत्येक वेळी वाटतं.

यानंतर गाळणी. वेगवेगळ्या स्तंभांमधून द्रावण सोडून जिवाणूची बाकीची प्रथिनं काढून टाकतात. सगळ्यात जपावं लागतं ते एंडोटॉक्सिनला, म्हणजे ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातल्या विषारी द्रव्याला. ते नखभर जरी राहिलं तरी पांढऱ्या पेशी त्यानंच खवळतात आणि आपल्याला वाटतं आयएल-२ नं काम केलं. ते तपासण्याची जुनी आणि भरवशाची रीत हॉर्सशू खेकड्याच्या रक्तावर आधारलेली आहे; एंडोटॉक्सिन लागलं की ते रक्त गोठतं.

शेवटी वजन बघून माल विकला असं होत नाही. वजन बरोबर पण घडी चुकीची, असं होऊ शकतं. त्यासाठी उंदराची एक टी पेशीमालिका ठेवलेली असते, जी आयएल-२ शिवाय जगतच नाही. तयार झालेलं प्रथिन तिला देऊन बघतात. किती वाढली त्यावरून युनिट ठरतात. चांगल्या मालात एका मिलिग्रॅमला १ कोटी किंवा त्याहून जास्त युनिट निघतात. पेशी वाढवताना मीडियमच्या एका मिलिलिटरला १०० युनिटच्या आसपास पुरे. हिशेब करून बघा: जिभाऊंना रिकामी दिसलेली ती कुपी ताजी असताना ५ लिटर मीडियमला पुरली असती.

आता कामाच्या टेबलावर काय दिसतं ते सांगतो.

कुपीतलं प्रथिन आधी अगदी पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळवतात, व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिड. नुसत्या पाण्यात ते पूर्णपणे विरघळत नाही. मग त्यात थोडं अल्ब्युमिन नावाचं दुसरं प्रथिन घालतात, कारण इतकं थोडं प्रथिन प्लास्टिकच्या नळीच्या भिंतींनाच चिकटून संपतं. अल्ब्युमिन भिंती आधी भरून टाकतं. लगेच लहान लहान नळ्यांत वाटणी करून उणे तापमानात ठेवायचं. एक नळी एकदाच बाहेर काढायची.

पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली टी पेशी म्हणजे राळ्याचे दाणे पसरलेत असं वाटतं: लहान, गोल, एकेकट्या. त्यांना चेतवून आयएल-२ दिलं की दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या होतात, काही लांबट होतात. तिसऱ्या दिवशी त्यांचे घोस बनतात. फ्लास्क हलक्या हातानं हलवला की घोस तरंगतात आणि कडेनं एखाद-दुसरी पेशी सुटून जाते. चौथ्या दिवशी मायक्रोस्कोप न लावताही कळतं. मीडियममध्ये फिनॉल रेड नावाचा रंग असतो. साबण लागला की हळदीचा डाग लाल होतो तशातलाच प्रकार, आम्ल वाढलं की हा रंग तांबड्याचा पिवळा होतो. पेशी खाऊन-पिऊन वाढल्या, त्यांनी आम्ल सोडलं, फ्लास्क पिवळा पडला. सकाळी इन्क्युबेटरचं दार उघडल्यावर तो पिवळा रंग दिसला की जीव भांड्यात पडतो.

एकदा तो दिसला नाही. पाचवा दिवस उजाडला तरी मीडियम तांबडंच, आणि मायक्रोस्कोपखाली घोसांऐवजी चुरा. मी आधी रक्ताला दोष दिला, मग मीडियमला. दोन आठवडे त्यात गेले. शेवटी वहीत मागे जाऊन पाहिलं तेव्हा कळलं, वाटणी करायचा कंटाळा करून मी एकच नळी चार वेळा वितळवली होती आणि चार वेळा गोठवली होती. दर खेपेला घडी थोडी थोडी मोडत गेली. नवी कुपी घेतली आणि तिसऱ्या दिवशी घोस आले. ते रक्त एका स्वयंसेवकानं स्वतःचा वेळ काढून दिलं होतं, आणि ते वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. इन्सुलिन असो की लस, थंड राहायला हवं म्हणतात त्यामागे हेच कारण आहे. प्रथिन म्हणजे घडी, आणि घडी उन्हानं, वारंवार गोठवण्यानं, जोरात हलवण्यानंही मोडते.

आता कानांबद्दल. टी पेशीच्या पृष्ठभागावर आयएल-२ ऐकण्यासाठी जो ग्राहक, म्हणजे निरोप धरून घेणारं प्रथिन, असतो त्याचे तीन भाग आहेत: अल्फा, बीटा, गॅमा. नुसते बीटा आणि गॅमा असले तर पेशीला निरोप ऐकू येतो, पण मोठ्यानं ओरडावं लागतं. अल्फा येऊन मिळाला की कान सुमारे शंभर पट तिखट होतात. झोपलेल्या टी पेशीवर अल्फा नसतो. तिनं आपल्या ओळखीचा जंतू पाहिला की मगच ती अल्फा बाहेर काढते. म्हणून जांघेतल्या ग्रंथीत आयएल-२ सांडलं तरी तिथल्या सगळ्या पेशी वाढत नाहीत. ज्यांना तो जंतू ओळखता येतो त्याच वाढतात. अशा पेशी लाखात एखादी, कधी त्याहूनही विरळ. ती एकटी दिवसाला तीनदा दुभंगली तर चार दिवसांत तिच्या चार हजारांवर पेशी होतात. अवधान म्हणजे ही धावपळ.

मग एक विचित्र गोष्ट समोर आली. १९९१ मध्ये आयएल-२ चं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार झाले. वाढीचा निरोपच नाही, म्हणजे हे उंदीर संरक्षणाविना लोळागोळा होतील असा साधा अंदाज. घडलं भलतंच. थोडे मोठे झाल्यावर त्यांच्या टी पेशी त्यांच्याच शरीरावर उलटल्या, आतड्यांना भयंकर सूज आली. वाढवणारा निरोप गेला आणि आवरणारं कुणी उरलं नाही.

उलगडा जपानच्या शिमॉन साकागुची यांच्या कामातून झाला. १९९५ मध्ये त्यांनी टी पेशींमधला एक गट दाखवला जो इतरांना आवरतो. त्या पेशी ओळखायची खूण कोणती, तर अंगावर कायम असलेला अल्फा, आयएल-२ चा तोच तिखट कान. या आवरणाऱ्या पेशी स्वतः आयएल-२ जवळपास बनवत नाहीत, पण इतरांनी बनवलेल्यावर जगतात. म्हणजे घरात कालवा वाढला की तोच कालवा ऐकून वडीलधारं माणूस उठतं. निरोप एकच, ऐकणारा लढवय्या असेल तर तो वाढतो, आणि ऐकणारा आवरणारा असेल तर शांतता वाढते. साकागुचींना मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते या आवरणाऱ्या पेशींच्या शोधासाठी.

ही एक गोष्ट कळली की ‘इम्युनिटी वाढवा’ असं छापलेल्या प्रत्येक डब्याकडे बघायची नजर बदलते. कोणाची वाढवायची? लढणाऱ्यांची की आवरणाऱ्यांची? मला हे अगदी कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण संधिवाताचा एक प्रकार, एक प्रकारचा थायरॉइडचा त्रास, लहान मुलांमधला मधुमेह, असे कितीतरी आजार संरक्षण कमी पडल्यामुळे होत नाहीत. ते स्वतःवरच उलटल्यामुळे होतात.

जिभाऊंचा शेवटचा प्रश्न होता, “माणूसले देतस का?”

देतात, पण ही कुपी नव्हे. चिठ्ठीवर ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेलं असतं ते गंभीरपणे घ्यायचं. औषध म्हणून बनवलेलं आयएल-२ वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या तपासण्यांतून जातं. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकात पसरलेल्या कर्करोगावर ते मोठ्या मात्रेत देऊन पाहिलं. १९९२ मध्ये मूत्रपिंडाच्या आणि १९९८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी तिथं मान्यता मिळाली. शंभरातल्या साधारण सहा-सात रुग्णांचा कर्करोग पूर्ण दिसेनासा झाला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांमध्ये तो वर्षानुवर्षं परतला नाही. आकडा लहान आहे. पण नुसतं संरक्षण चेतवून पसरलेला कर्करोग जाऊ शकतो, हे त्या सहा-सात जणांनी सिद्ध केलं. किंमत मात्र मोठी. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब पडतो, फुप्फुसात पाणी भरतं. अतिदक्षता विभागाच्या तोडीची सोय असल्याशिवाय ही मात्रा देता येत नाही. बीटा-गॅमावाल्या मंद कानांना ऐकू जावं म्हणून इतकं ओरडावं लागतं, आणि ओरडणं सगळ्या शरीराला सोसावं लागतं. उलट अगदी थोडी मात्रा दिली तर ती तिखट कानांच्या आवरणाऱ्या पेशी आधी ऐकतात. उलटलेलं संरक्षण त्यानं शांत करता येईल का, यावर आता प्रयोग चालू आहेत.

सायटोकाइनचा अतिरेक आपण जवळून पाहिलाय. कोरोनाच्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, जळगाव-धुळ्यात कोण कोण ‘टोसी’ शोधत फिरलं नव्हतं? आमच्या घरातूनही रात्री अकराला फोन चालू होते. टोसी म्हणजे टोसिलिझुमॅब हे औषध; ते आयएल-६ या दुसऱ्या सायटोकाइनचे कान बंद करतं. शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता, अर्थ सांगायला कुणाला सवड नव्हती.

आणि एक वाट अशी की पेशी शरीराबाहेर काढायच्या, बाहेरच वाढवायच्या आणि परत द्यायच्या. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी पेशींमध्ये कर्करोग ओळखणारं जनुक बसवतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ ही भारतातली अशी पहिली उपचारपद्धती; तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अशा उपचारांत मूठभर पेशींच्या कोट्यवधी करायच्या असतात, आणि त्यासाठी आयएल-२ किंवा त्याची भावंडं, आयएल-७ आणि आयएल-१५, मीडियममध्ये मोजून घालावी लागतात. फ्लास्क पिवळा पडण्याची वाट तिथंही बघतात. फरक इतकाच की बाहेर त्या पेशींचा मालक दवाखान्याच्या खाटेवर वाट बघत असतो.

राहिली ती जांघेतली गाठ. जखम नसताना आली, दगडासारखी कडक लागली किंवा तीन-चार आठवडे झाले तरी जिरली नाही, तर डॉक्टरला दाखवायचीच. ते अवधान नसूही शकतं. जखमेमुळे आलेली असेल तर तिचं उतरणंही आयएल-२ मुळेच कळतं. तळपायातून जंतूंचे तुकडे यायचे थांबले की टी पेशी ते बनवणं बंद करतात आणि अल्फा आत ओढून घेतात. निरोप थांबला की त्या वाढलेल्या हजारो पेशी, दहातल्या नऊ किंवा त्याहून जास्त, एकेक करून मरतात. उरतात त्या थोड्या, तो जंतू आठवणाऱ्या. आठ-पंधरा दिवसांनी जांघेत हात लावला तर बोट फिरवूनही काही सापडत नाही. त्या थोड्या पेशी मात्र रक्तातून अंगभर फिरत असतात, आणि तोच जंतू पुढच्या वर्षीच्या खुंटावरून आला तर पहिल्यापेक्षा लवकर अल्फा बाहेर काढतात.